चक्कर आणि प्लास्टिकची खुर्ची

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, फुलंब्रीला माझ्या बहिणीच्या मुलाच्या लग्नात, माझे पती विलास उभ्याउभ्या कोसळले. लग्नविधीतली बुद्धवंदना संपत आली होती. उकाड्यात ते बराच वेळ उभे होते. सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

चौघांनी त्यांना उचलून प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. धाकटे दीर संजय यांनी मान सरळ धरली, कोणी नाकाला कांदा लावला. तेवढ्यात हातांना झटके येऊ लागले. फिट आली, असं कोणीतरी म्हणालं.

विलास वाळूजच्या कामगारांची बस चालवतात. फिट ठरली असती तर बस चालवणंच सुटलं असतं.

पहिल्या दवाखान्यात आम्हीच ‘फिट आली’ म्हणून सांगितलं. तिथं एमआरआय, मेंदूतल्या विजेचा आलेख म्हणजे ईईजी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी लिहून मिळाली. त्या तपासण्या करण्याआधी आम्ही नेहमीच्या फिजिशियन मॅडमकडं गेलो. पडताना ज्यानं पाहिलं त्याला घेऊन या, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संजय आले, आणि मॅडम त्यांना एकेक विचारू लागल्या. पडण्याआधी चेहरा कसा होता? पांढराफटक, घामानं भिजलेला. झटके कधी सुरू झाले? खुर्चीत बसवल्यावर. थांबले कधी? खुर्ची कलंडून ते खाली आले तेव्हा. शुद्धीवर येताच माणसं ओळखली?

“व्हय. मान सोड म्हणून मलाच शिवी दिली.”

“तुम्ही त्यांना आडवं होऊ दिलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मेंदूला रक्त पोचेना, म्हणून झटके.”

“सोयऱ्याच्या मांडवात दादाला मातीत लोळू द्यायचं व्हय?”

“लोळू द्यायचं. आणि पाय वर धरायचे.”

मॅडमनी हृदयाचा आलेख म्हणजे ईसीजी काढला, झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं. दोन्ही ठीक निघालं. निदान झालं व्हॅसोव्हेगल सिंकोप: नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि थोडा वेळ शुद्ध जाते.

मग बाकीच्या तपासण्या कोणाला लागतात, हे मी विचारलं. धावताना किंवा झोपलेलं असताना शुद्ध गेली, आधी छातीत दुखलं किंवा धडधडलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयाच्या. जीभ चावली गेली, नंतर बराच वेळ भान नसेल, तर मेंदूच्या. विलासच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. बस चालवायला मॅडमनी हरकत घेतली नाही. उपाशी राहू नका, पाणी भरपूर प्या, अंधारी आली तर गाडी लगेच बाजूला घ्या, असं सांगितलं.

दिवाळीनंतर पाचोडला एका साखरपुड्यात उभं असताना विलासच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. ते तिथंच सतरंजीवर आडवे झाले. पाहुणे खुर्ची घेऊन धावले. संजयनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि दादाचे पाय तिच्यावर ठेवले.

शुद्ध गेली नाही. सोमवारी पहिल्या पाळीची बस विलासनीच वाळूजला नेली.