वाळूत सोडलेलं पाणी

जळक्या क्लचचा वास आला की ऐंशी-एक्याऐंशी सालची, कतारमधल्या दुखानच्या रस्त्यावरची ती दुपार आठवते. कंपनीच्या पिकअपनं मी कॅम्पची कॅरॅव्हॅन, चाकांवरची राहायची खोली, ओढत निघालो होतो, शेजारी पुण्याचे इंजिनीयर साहेब. चढावर क्लचमधून धूर यायला लागला आणि गाडी थांबली. "कॅरॅव्हॅन रिकामी असली तरच ही गाडी ओढेल, सांगितलं होतं ना? तिची पाण्याची टाकी कोणी भरली?" "मीच, साहेब." गावी आई दोन मैलांवरून हंडा आणायची, रिकामी टाकी घेऊन निघणं मला जमलंच नव्हतं. "खलास, सोडून दे पाणी," साहेब दमून म्हणाले. मी तोटी उघडली, ओंजळभर प्यालो, बाकीचं वाळूनं आवाज न करता गिळलं. गाडी निघाली. त्या आठवड्याच्या पत्रात आईला सगळं लिहिलं, एवढं सोडून. आता सांगावंसं वाटतं, तर ती नाही.