विमान उभं राहतं ती जागा

लातुरात आमच्या गल्लीत सध्या रस्ता होऊन राहिलाय, आणि उकळत्या डांबराचा वास घरात शिरला की मला एक इंजिनियर आठवतो. एका विमानतळाच्या डागडुजीवर मी मुकादम होतो. पहिल्याच दिवशी तिथल्या सगळ्याच फरशीला मी रनवे म्हणालो, तर त्यानं मला मजुरांसमोर भर उन्हात उभं करून दहादा घोकायला लावलं: विमान धावतं तो रनवे, उभं राहतं ते एप्रन. माझ्या हाताखालच्या बायासुद्धा पदराआड हसल्या. मी घोकलं, आणि रनवे डांबराचा असताना एप्रन काँक्रीटचं का, हेही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून समजून घेतलं. महिन्याभरानं एप्रनला वीतभर रुंद भेग पडली. इंजिनियर म्हणाला, "डांबर ओत." मी म्हणालो, "साहेब, हे एप्रन हाय, रनवे न्हाई." "लई शिकलास. ओत." मी काठोकाठ ओतलं. उभ्या विमानातून तेल ठिबकतं आणि तेलानं डांबर विरघळतं, हे मी सांगितलं नाही. पुढं पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांचा बूट नेमका त्यातच रुतला. "इथं डांबर कुणी ओतायला लावलं?" त्यांनी विचारलं. मी इंजिनियरकडं बोट केलं आणि अख्खा धडा घोकून दाखवला, तेलासकट. तेच मजूर, तेच ऊन, आणि मान खाली घालायची पाळी आता त्याची होती. डांबराच्या वासानं लोकांचं डोकं दुखतं म्हणे. मी खिडकी उघडी ठेवतो.