पत्राच्या शेवटचा नमस्कार

लढाईच्या दिवसांत मी कोल्हारला भावाकडे राहत होते, तेव्हा रोज दुपारी शाळेत जाऊन मुलांचं वाचन घेत असे. नेमणूक नव्हती, पगार तर नव्हताच. एकट्या मास्तरांच्या गळ्यात चार इयत्ता पडल्या होत्या. एका वर्गाला गणित घातलं की उरलेले तीन वर्ग चावडीपर्यंत ऐकू जाईल असा गोंधळ घालत. शेवटी मास्तरांनी गावातल्या वाचता येणाऱ्यांना एकेक करून गाठलं आणि तासभर येण्याची गळ घातली. माना सगळ्यांनी डोलावल्या. आलो दोघंच, कपडे शिवणारे चाचा आणि मी. चाचा पहिलीला घेऊन झाडाखाली बसत, मी दुसरीला घेऊन ओसरीवर.

मला काही समाजसेवेचं भरतं आलं नव्हतं. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर मी परत आले होते, आणि भावाच्या घरात दुपारभर माझ्याशी बोलायला कोणी नसे. वहिनी जागी असली तरी माझ्यापेक्षा भांड्यांशी जास्त बोलायची. घरी पत्रं येत, त्यांत शेवटी सगळ्यांची नावं असत, थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. मी थोरांत नव्हते, लहानांतही नव्हते. हे मला फार लागायचं. वरून मात्र मी असा तोरा मिरवत हिंडायची की विचारू नका.

दुसरीत एक मुलगी होती, सात-आठ वर्षांची. तिचा बाप पलटणीत होता, कुठे ते त्याला लिहायची मुभा नव्हती. त्याचं पत्र आलं की मुलीची आई पदर सावरत ओसरीखाली येऊन उभी राही आणि मी वाचून दाखवी. काही ओळींवर सरकारने काळी शाई फासलेली असे. मी वाचलेल्या पहिल्याच पत्राच्या शेवटी त्याने आपल्या आईला, भावाला, वहिनीला नमस्कार लिहिले होते, मुलीला आशीर्वाद. सगळे वाचून झाले आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "शाळेतल्या बाईंना नमस्कार."

"तुमची कशी आठवन झाली त्यान्ला?" आई हरखून म्हणाली.

"पोरीला शाळेत घातल्याचं कळवलं असेल ना तुम्ही?"

"व्हय की, मागल्या पत्रात लिवून घेतलं हुतं."

बस्स, एवढ्यावर भागलं. त्या दिवशी घरी गेले ती वहिनीवर एकदाही न चिडता जेवले.

मग दर पत्रात माझा नमस्कार यायचा. उत्तरंही मीच लिहायची. आई शेवटी न चुकता सांगे, "बाईंचाबी नमस्कार लिवा," आणि तो मला लिहावा लागे. मी चांगलीच फसले होते. चौथ्या पत्रात त्या बिचाऱ्याने विचारलंच, 'नमस्कार कळवणाऱ्या बाई कोण, खुलासा करावा.' ती ओळ मी गाळली आणि त्याच जागी माझा नमस्कार वाचला.

आता भीती एकच होती. मुलगी वाचायला शिकली की माझं पितळ उघडं पडणार, आणि पत्रं माझ्याकडे यायची बंद होणार. म्हणून मी एक पाप केलं. तिला जोडाक्षरांवर अडकवून ठेवलं. बाकीची मुलं पुढच्या धड्यावर गेली तरी तिला मी म्हणे, "अजून कच्चं आहे, पुन्हा वाच." ती मुकाट्याने पुन्हा वाचायची. चाचा लांबून ऐकत असत. एक दिवस म्हणाले, "बाई, ही पोर कच्ची न्हाई. हिला उद्यापासून माज्याकडं बसू द्या. मला पोरं आवरायला मदत हुईल." ते मला वाईट बोलले नाहीत, त्याचाच मला राग आला. महिन्याभरात ती पुड्यांचे कागदसुद्धा घडाघडा वाचू लागली.

पुढचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, "आज आमची बाय वाचनार." मुलगी माझ्या शेजारी बसली. कागद दोघींच्या मध्ये होता. तिने एकही अक्षर न अडखळता वाचलं, पीकपाण्याची चौकशी, आजीचं दुखणं, सगळ्यांचे नमस्कार. मग शेवटची ओळ आली. मला ती दिसत होती. 'मागे विचारले होते, त्या बाई कोण ते अद्याप कळवले नाही.'

तिचं बोट तिथे थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"शाळेतल्या बाईंना नमस्कार," ती त्याच आवाजात म्हणाली आणि पत्राची घडी घातली.

"बगा, कवा इसरत न्हाईत," आई म्हणाली. मी हो म्हटलं.

त्यानंतर पत्रं घरीच वाचली जाऊ लागली. तिने आईला काही सांगितलं नसावं, कारण आई वाटेत भेटली की पूर्वीसारखीच हसायची. माझी लाज झाकावी म्हणून एवढं आजवर कोणी केलं नव्हतं, माझ्या माहेरच्यांनी नाही की सासरच्यांनी नाही. आणि तिने पत्र वाचलं त्या दुपारी शाळेतून घरी जाताना मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं नवऱ्याने घराबाहेर काढलं तेव्हाही वाटलं नव्हतं.