गेरूवरची माणसं

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत सुमनकाकूंकडे गेलं की त्या आधी तुमचे हात बघत. हात स्वच्छ असले तर पाहुणा. लाल असले तर घरचा. हा लाल रंग गेरूचा. दिल्लीत लोक तो कुंड्यांना लावतात. काकू दर रविवारी चार जणांना जमवून चित्राच्या कागदाला लावायला लावत.

"कोरा कागद बघून माणसाची छाती दडपते," त्या म्हणत. "रांगोळीआधी जमीन सारवतो की नाही? बिल्कुल तसंच. आपलं गेलेलं माणूस आठवेल तेवढं काढा. नाही आठवत तिथं गेरू राहू दे. वाईट दिसत नाही."

मोबाइलमधला फोटो बघून काढायला सक्त मनाई होती. कुणी सापडलं तर त्याचा फोन सरळ पोह्यांच्या डब्यात जाई. सरकारी कचेरीतून साहेब होऊन निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्या निकालावर अपील नव्हतं.

मी नोएडात आयटीतला. पुण्यात आईनं प्राण सोडला तेव्हा मी विमानात होतो. त्यानंतर तिला आठवायला गेलो की व्हिडिओ कॉलवरचा, नळ्या लावलेला चेहराच पुढं येई. आधीची सगळी आई पुसली गेली होती. ती आता कधीच परत मिळणार नाही, या भीतीनं मला आतून पोखरलं होतं. एकदा लिफ्टमध्ये हे काकूंना सांगून बसलो.

"रविवारी ये."

"काकू, मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही."

"आंबा मागितलाय कुणी?"

रविवारी मी थेट आईचा चेहराच काढायला घेतला. काकूंनी तो ओल्या फडक्यानं पुसला आणि वर पुन्हा गेरू फासला. "चेहऱ्याच्या मागे नको लागूस, यार. हातापासून सुरू कर. हात काय करत होते?" सत्तरीतल्या मराठी बाईच्या तोंडी 'यार' दिल्लीतच शोभतं.

हात कडबोळी वळत होते. मग बांगडी आठवली, मनगटावरचा भाजल्याचा डाग आठवला, खोचलेला पदर आठवला. कितीतरी रविवार मानेच्या वर नुसता गेरू होता. आणि एकदा, कडबोळं तुटलं म्हणून स्वतःशीच हसणारी आई कागदावर आली. चित्र यथातथाच, नाक तर चक्क मामाचं. पण ती आई होती. मी ढसाढसा रडलो. काकूंनी पाठीवर लाल पंजा ठेवला. "चलो, चहा टाक आता." शर्टावरचा तो डाग निघाला नाही, आणि मी फारसा घासलाही नाही.

त्यांचं स्वतःचं चित्र भिंतीवर होतं: स्कूटरवर पाठमोरे काका, मागच्या सीटवर गेरू. तुम्ही कुठे आहात, असं मी विचारलं.

"मी मागे बसलेली. मला मी कशी दिसणार? पण त्यांची कॉलर बघ. एकदम परफेक्ट!"

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला. त्या गेल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर फरीदाबादची त्यांची मुलगी मीनल त्या चित्रासमोर बसली होती.

"दादा, मला आई फक्त ऑक्सिजनच्या मास्कमधली दिसते," ती म्हणाली. "बाकीची गेलीच."

मी स्वयंपाकघरात जाऊन गेरू कालवला, कागद सारवला आणि तिच्यापुढे ठेवला. ती फोनमध्ये आईचा फोटो शोधू लागली. मी फोन काढून घेतला आणि पोह्यांच्या डब्यात टाकला.

"हातापासून सुरू कर," मी म्हणालो. "हात कसे होते?"

तिनं कागदावरच्या ओल्या गेरूवर बोट टेकवलं.

"लाल," ती म्हणाली, आणि हसली.