तुळशीदासने उलटी बसवलेली रॅम

जव्हारच्या बाजारपेठेत तुळशीदासचं दुकान आहे. पाटीवर रेडिओ, टीव्ही, मोबाइल आणि कॉम्प्युटर हे चार शब्द चार वेगळ्या रंगांत आहेत, कारण प्रत्येक शब्द ज्याच्या त्याच्या काळात वाढवलेला. गेल्या दहा वर्षांत रेडिओ घेऊन दुकानात कुणी चढलेलं नाही, पण तो शब्द पुसायला तुळशीदास तयार नाही.

या माणसाच्या दोन गोष्टी जव्हार-मोखाड्यात सगळ्यांना ठाऊक. एक म्हणजे गिऱ्हाइकाला तो कशालाही नाही म्हणत नाही. 'काका, घरी येता का?' म्हटलं की निघाला, मग जीपच्या टपावर बसायची वेळ येवो. दुसरी म्हणजे त्याची चूक कधी होतच नाही. काही बिघडलंच तर ते विजेनं बिघडवलेलं असतं, नाहीतर कंपनीनं, नाहीतर उंदरानं. समोर पंकजचं नवं दुकान आहे, भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आहे, पण 'पोराला अजून उंदीर भेटलेले नाहीत,' असं म्हणून तुळशीदास त्याला निकालात काढतो.

दिवाळी सरली आणि पोशेऱ्याच्या शीलाचा फोन आला. शीला तिशीतली. नवऱ्याबरोबर, हेमंतबरोबर, दर वर्षी ठाण्याच्या बांधकामांवर जायची, पावसाळ्यात घरी परतायची. मुलगी रविना सासूजवळ राहायची. रविना बोलायला लागली तेव्हा ती आजीलाच आई म्हणायला लागली, आणि शीलाला काय म्हणावं ते तिला काही दिवस सुचेना. ते दिवस शीला अजून विसरलेली नाही.

या वर्षी मात्र तिला घरी बसून करायचं काम मिळायची वेळ आली होती. आकाशातून काढलेल्या फोटोंवर शेतांचे बांध रेघांनी आखायचे. चाचणीत बाकीच्यांनी नागलीचे, म्हणजे नाचणीचे, डोंगरउतार पडीक जमीन म्हणून सोडून दिले होते. शीलाने एकेक तुकडा बरोबर आखला, कारण असल्या उतारावर तिनं स्वतः रोपं लावली होती. काम देणाऱ्यांची अट एवढीच होती की कॉम्प्युटरची मेमरी आठ जीबी हवी. गुरुवारी सकाळी दहाला ते तिचा स्क्रीन लांबून तपासणार होते. शुक्रवारी मुकादमाची जीप ठाण्याला निघणार होती. तपासणीत बसली तर शीला घरी राहील, नाहीतर जीपमध्ये बसेल. मधलं काही नव्हतं.

मंगळवारी तुळशीदास चार जीबीची रॅम खिशात घालून पोशेऱ्याला गेला. जुनी चार होतीच. त्याने मशीनचं झाकण काढलं, रॅमची पट्टी पाकिटातून बाहेर काढली, आणि शीला म्हणाली, "काका, थांबा. आधी आई हळद लावतील."

त्या घराची रीतच ती. विळा असो, मोबाइल असो, कोंबड्यांचा नवा खुराडा असो, नव्या वस्तूला हळदीचं बोट लावायचं आणि नव्या तांदळाचे पाच दाणे ठेवायचे. कणसरीची, धान्याच्या देवीची, आठवण केल्याशिवाय कशालाही हात घालायचा नाही. पण शीलाची सासू, पोशीबाय, दारातच घुटमळत होती. गेल्या वर्षी वस्तीच्या पाण्याच्या मोटारीला तिनंच हळद लावली होती आणि तिसऱ्या दिवशी मोटार जळली. त्यावर कुणीतरी 'पोशीचा हात' असं म्हटलं. तेव्हापासून बाईने कुठल्या नव्या वस्तूला बोट लावलं नव्हतं.

"मी नाय लावत. तूच लाव पोरी," ती म्हणाली.

"तुम्हीच लावा," शीला हटून बसली.

तुळशीदास नाही म्हणणारा नव्हताच. त्याने पट्टीवरच्या लेबलावर पोशीबायकडून हळद लावून घेतली. दाणे ठेवायला पट्टीवर जागा नव्हती, म्हणून पोशीबायने ते उघड्या मशीनच्या आत सोडले आणि हात जोडले. तुळशीदासने एकेक करून दाणे वेचले, पट्टी खाचेत बसवली, झाकण लावलं, चहा प्यायला आणि जीप सुटेल म्हणून पळाला. एरवी पट्टीच्या दोन्ही टोकांच्या खटक्यांचा टक् आवाज कानांनी ऐकल्याशिवाय तो हात काढत नसे. त्या दिवशी खळ्यात भात झोडणं चाललं होतं. एक टक् ऐकू आला, दुसरा झाला असणार असं त्याने धरून घेतलं.

बुधवारी सकाळी फोन आला. "काका, आठ टाकली ना तुम्ही? इथं लिहिलंय, बसवलेली आठ, पण वापरता येणारी चारच्याही आत."

"घरात माणसं आठ, कामाला चार. असतं काही घरांत असं," तुळशीदास म्हणाला. शीला हसली नाही. तेव्हा तो पुढची जीप पकडून निघाला.

पोचल्यावर त्याने पहिल्यांदा विंडोज बघितलं. बत्तीस बिटचं विंडोज असेल तर त्याला चारच्या पुढे मोजता येत नाही, पण हे चौसष्टचं होतं. मग त्याने सेटिंगमध्ये कुणी मेमरीवर मर्यादा घातलीय का ते पाहिलं. घातली नव्हती. मशीन सुरू होतानाच्या निळ्या पडद्यात शिरला. तिथं स्क्रीनसाठी थोडी मेमरी बाजूला काढलेली दिसली, पण ती चिमूटभर. दुपार झाली. मग त्याने विजेला दोष दिला. वीज गुमान चालू होती. शेवटी ठाण्याच्या ज्या दुकानातून पट्टी आणली त्यांना फोन लावून डुप्लिकेट माल पाठवल्याबद्दल खडसावलं. झाकण उघडून आपण बसवलेली पट्टी एकदा हलवून बघावी हे या सगळ्यात त्याच्या मनात आलंच नाही. ती त्याने स्वतः बसवलेली होती ना.

शीला जायच्या तयारीला लागली होती. ती रविनाचे कपडे घडी घालून ठेवत होती आणि आपले वेगळे काढत होती. पोशीबाय भिंतीला टेकून बसली होती. ती खाली बघत म्हणाली, "माझा हातूच वाईट हाय. काहाला लावली मी हळद? पोरगी आता जाईल ना साइटवर."

 हातांना काहीतरी काम हवं म्हणून तुळशीदासने झाकण काढलं. टॉर्च मारला. पट्टीचं एक टोक केसभर वर होतं आणि त्या बाजूचा खटका अर्धाच मिटलेला. पट्टी उचलली तर खाचेच्या तळाशी आडवा पडलेला, हळदीनं पिवळा झालेला तांदळाचा एक दाणा.

आठातले चार मोजणाऱ्या मशीनला दिवसभर नावं ठेवणारा हा गृहस्थ स्वतः पाचातले चार दाणे वेचून मोकळा झाला होता.

त्याने चिमट्यानं दाणा काढून तळहातावर घेतला. शेजारी वाकलेल्या शीलाने तो पाहिला. दोघांची नजर भेटली. पोशीबायने मान वर केली. "काय घावलं?"

तीस वर्षांच्या धंद्यात तुळशीदासला इतकी कारणं पाठ होती की एका दमात दहा सांगितली असती. उंदीर होताच, ठाणं होतंच. पण ठाण्याची पट्टी खराब म्हटलं तरी ही बाई म्हणणार की माझ्या हातानं खराब झाली. मोटारीचं तेच झालं होतं. एकच कारण असं होतं ज्यात तिचा हात कुठंच येत नव्हता, आणि ते त्याने जन्मात कधी वापरलं नव्हतं.

त्याने मूठ मिटली. "पोशीबाय, चूक माझी झाली," तो म्हणाला. "घाईत मी पट्टी उलटी बसवली."

"तू?"

"मीच. तुमची हळद होती म्हणून मशीन जळलं तरी नाही."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग इतकी हसली की खळ्यातली माणसं दारात आली. शीलाने तोंड वळवून पदरानं डोळे पुसले. तुळशीदासने खाच ब्रशनं साफ केली, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि पट्टी बसवली. टक्. मग थांबला. टक्. पडद्यावर आठच्या आठ.

गुरुवारी साडेदहाला शीलाचा फोन आला. "काका, झालं," एवढंच ती म्हणाली, आणि मागून रविना तिलाच मोठ्यानं 'आई' म्हणून हाका मारत होती. शुक्रवारची जीप शीलाशिवाय गेली.

ही हकिगत इथंच संपायची, पण पोशीबाय पुढच्या बाजाराला जव्हारला आली. उतरल्यापासून चहावाल्याला, मासेवालीला, भेटेल त्याला तिने सांगितलं की तुळशीदासने मशीनची पट्टी उलटी बसवली, पण मानूस मनानं बरा, कबूल झाला. ते पंकजच्या कानावर गेलं. तो रस्ता ओलांडून आला. तेव्हा पोशीबाय तुळशीदासच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती.

"काका, रॅमच्या पट्टीला मध्यापासून जरा बाजूला चीर असते," पंकज म्हणाला. त्याच्यामागे चारपाच जण जमले होते. "उलटी बसतच नाही ती. तुम्ही बसवली कशी?"

तुळशीदासने पोशीबायकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

"जोर लावला," तो म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. पंकजने कपाळावर हात मारून घेतला. पोशीबायला मात्र राग आला. "हसू नको रं," ती म्हणाली. "चुकतो मानूस. तुझ्यावानी भिताडावर कागद लावून नाय बसत."

गर्दी पांगल्यावर तुळशीदासने काउंटरखालून स्क्रू ड्रायव्हरचा नवा संच काढला, खोका उघडून तिच्यासमोर ठेवला. "कालच आणलाय. अजून वापरला नाही," तो म्हणाला. "हळद लावता का?"

"मी?"

"तुम्हीच."

बाईने कमरेची पिशवी सोडली. हळदीचं बोट लावलं, पाच दाणे ठेवले, डोळे मिटले. तुळशीदासनेही हात जोडले. मग दाणे वेचताना त्याने ते मोठ्यानं मोजले, पाचपर्यंत.