सहीची गिटार आणि तलासरीची पोच

डहाणूला लोक चिकूसाठी जातात, समुद्रासाठी जातात, सुट्टीत मुलांना वाळूत सोडायला जातात. मी गेलो एका गिटारसाठी, आणि तेही घरी "सांत्वनाला जातोय" असं सांगून. एवढं सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, कारण पुढे याहून वाईट आहे.

गिटार एकेकाळी माझीच होती. सेमी-हॉलो, चेरीच्या रंगाची. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीची इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तारा लावलेला ओंडका, सगळं काम वीज करते. पूर्ण पोकळ गिटार सुरेल, पण आवाज वाढवला की ताळतंत्र सोडते. सेमी-हॉलो या दोघींच्या मधली. पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा, दोन्ही कडांना पोकळी आणि वर व्हायोलिनला असतात तशा दोन नागमोडी फटी. अँप्लिफायर बंद असला तरी ती हळू आवाजात बोलते. तार छेडली की आवाज आधी छातीला लागतो, मग कानाला. एकदा ते छातीला लागणं अंगवळणी पडलं की माणूस कामातून जातो.

त्यात माझी सिग्नेचर मॉडेल. म्हणजे एखाद्या नावाजलेल्या वादकाच्या पसंतीने कंपनीने काढलेला नमुना. मान किती जाड, तारांचा आवाज उचलणारे पिकअप कोणते, हे सगळं त्याच्या मनासारखं, आणि मानेच्या टोकाला, गिटारच्या डोक्यावर, त्याची सही छापलेली. सोनेरी, वळणदार, कुणाच्या बापाला वाचता येणार नाही अशी. तीच सही त्या मॉडेलच्या प्रत्येक गिटारवर असते. तरी घेणाऱ्याला वाटतं की त्या हातातलं काहीतरी आपल्या हातात उतरेल. हसू नका, मलाही वाटलं होतं.

मी तेव्हा नाशिकात ऑर्केस्ट्रात वाजवायचो. लग्नं, गणपती, नवरात्र. स्टेजवर कानठळ्या बसवणारे स्पीकर, आणि त्यांच्यासमोर ही बाई दर तिसऱ्या गाण्याला हंबरडा फोडायची. पोकळीत आवाज घुमायचा आणि थांबायचाच नाही. मी फटींमध्ये फडकी कोंबून पाहिली, मग चिडलो आणि चौदा वर्षांपूर्वी तिला विकून टाकली. घेणारे धोडी सर. तलासरीकडच्या शाळेत मास्तर, कसल्याशा प्रशिक्षणासाठी नाशिकला आले होते, हॉटेलात माझं वाजवणं ऐकून तीन दिवस मागे लागले. शेवटी त्यांनी माझ्याकडून एक कागद लिहून घेतला. "बायको कचेरीत शिपाई आहे," म्हणाले. "कागदाशिवाय आमच्या घरात टाचणीसुद्धा येत नाही." आम्ही दोघं खूप हसलो होतो.

त्यानंतर मी चार गिटारी घेतल्या, चारही विकल्या. आता क्लास चालवतो. तो आवाज काही परत मिळाला नाही. सर मात्र दर दिवाळीला मोबाइलवर दोन मिनिटांचं वाजवणं पाठवायचे. हात कच्चा, पण गिटार तीच, लगेच ओळखू यायची. या दिवाळीला काही आलं नाही. फोन केला तर त्यांच्या बायकोने, वहिनींनी उचलला. सर श्रावणातच गेले होते. मी "अरेरे" म्हणालो, मनापासून म्हणालो. पण पुढच्याच क्षणी मनात आलं, गिटार कुठे आहे? याची लाज तेव्हा वाटायला हवी होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. नाशिक, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, तिथून कासामार्गे चारोटी. स्वतःची गाडी असेल तर हाच रस्ता घ्या, पण मोखाड्यापुढची वळणं उपाशीपोटी घेऊ नका. जव्हारला मिसळ ठीक, चहा उत्तम. एरवी या घाटात थंडीतलं ऊन छान पडतं म्हणे. मला दिवसभर मळकट आभाळच मिळालं. चारोटीला हायवेच्या पुलाखाली ट्रकांची रांग लागली होती, तीत पाऊण तास गेला. तिथून उजवीकडे वळलो असतो तर अर्ध्यापाऊण तासात तलासरी. पण वहिनींना सुट्टी रविवारची होती, आणि खरं सांगायचं तर धीरही होत नव्हता. म्हणून सरळ डहाणूला गेलो आणि तिथून किनाऱ्याने चिखले गावाला.

मुक्काम एका घरगुती खोलीत केला. दीड हजार रुपये, जेवण वेगळं, खिडकीबाहेर चिकूची झाडं. मालक साठीचे, बोलायला हौशी. दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "फॅमिली नाय आणली?"

"कामासाठी आलोय. एक गिटार बघायचीय."

"गिटार?" त्यांनी आतल्या बाईंकडे बघून हाक दिली, "अगो, ऐकलंस का? हे गिटार बघाया आलेत, डहाणूला!" मग माझ्या ताटात आणखी एक तळलेला बोंबील वाढत म्हणाले, "सकाळी चिकू घेऊन जा. ते तरी नक्की मिळतील."

संध्याकाळी किनाऱ्यावर फिरलो. ओहोटी होती, पाणी पार लांब गेलेलं. सुरूच्या झाडांखाली दोनतीन कुटुंबं शाली गुंडाळून बसली होती. वाटेत एका भिंतीवर वाढवणच्या बंदराच्या विरोधात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, त्यावर कुणीतरी ट्यूशनची जाहिरात चिकटवलेली. मी मनातल्या मनात उद्याची वाक्यं जुळवत होतो. आधी सरांबद्दल बोलायचं, मग थोडं थांबायचं, मग विचारायचं, "ती गिटार तुम्ही काय करणार?" खिशात चेकबुक होतं. किती वेळा बोलून पाहिलं तरी ते वाक्य निर्लज्जच वाटत होतं.

रविवारी सकाळी नऊला निघालो. तलासरीच्या अलीकडे हायवेवर मडक्यात भाजलेलं उबाडियुं मिळतं. कंद, पापडी, रताळी आणि हिरवी चटणी. या दिवसांत जाणार असाल तर चुकवू नका. मी घेतलं, पण दोन घासांच्या पुढे जाईना. नाक्यावरच्या टपरीवाल्याला घर विचारलं. "गिटारवाल्या सरांचं?" असं म्हणत त्याने हातातलं गाळणं तसंच धरून गल्ली दाखवली.

दोन खोल्यांचं पक्कं घर. पुढच्या खोलीत सरांचा फोटो, त्याला हार, आणि फोटोच्या खाली खुंटीला गिटार. चौदा वर्षांत तिचा रंग जरा उतरलेला, बाकी जशीच्या तशी. वहिनी पन्नाशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. मी आधी फोटोकडे बघायला हवं होतं. मी आधी गिटारकडे बघितलं, आणि वहिनींनी ते पाहिलं.

"चारोटीला ट्रॅफिक लागलं असेल ने?" त्यांनी पाणी पुढे केलं.

मग सरांबद्दल बोलल्या. तीन महिने त्या सरांना वापीला दवाखान्यात नेत होत्या. शेवटी डाव्या हातात जोर उरला नव्हता, वाजवणं बंदच झालं. "पण म्हणायचे, ती माझ्या छातीवर ठेव. मी ठेवायची. मग म्हणायचे, तार ओढ. मला काय येतंय त्यातलं? एक जाड तार होती, तीच ओढायची. ते डोळे मिटून पडून राहायचे. थांबली की पुन्हा म्हणायचे, ओढ."

ओंडक्यासारखी सॉलिड गिटार असती तर त्या माणसाच्या छातीला काहीच लागलं नसतं. जी पोकळी मला स्टेजवर नको झाली होती, तीच त्यांना शेवटी उपयोगी पडली.

"ते गेल्यावर सगळे कागद नीट लावून ठेवले," वहिनी म्हणाल्या. "आणि हिला रोज पुसते. सहीवर तेवढा हात हलका ठेवते, उडेल म्हणून." मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "ही सही तुमचीच ना, भाऊ?"

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. वहिनी, ही परदेशातल्या एका वादकाची सही, कारखान्यात छापलेली. माझा तिच्याशी काही संबंध नाही. पण माझ्या लक्षात आलं की "हो" म्हटलं तर ते निर्लज्ज वाक्य बोलावंच लागणार नाही.

"हो," मी म्हणालो.

"मग वस्तू तुमची. ज्याची सही, त्याची वस्तू. कचेरीत तसंच असतं." मी चेकबुकाला हात घातला तर त्यांनी मान हलवली. "आपल्याच वस्तूचे पैसे देतात होय कुणी?" त्यांनी गिटार खुंटीवरून काढली, आतून एक वही आणि पेन आणलं. "फक्त पोच लागेल. गिटार मिळाली असं लिहा, खाली सही."

लिहिलं. सहीसाठी पेन टेकवलं आणि हात आपसूक माझ्याच सहीच्या वळणावर निघाला. कसाबसा आवरला. माझी सही मराठीत, सरळसोट, शाळेच्या दाखल्यावर शोभेल अशी. वर्षानुवर्षं बघितलेली ती सोनेरी सही आठवून मी काहीतरी गिरगटलं. कागदावर गांडूळ सरकल्यासारखं दिसत होतं.

वहिनींनी वही हातात घेतली. पंचवीस वर्षं सह्यांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेलेली बाई. "नमुन्याशी जुळत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी गिटार माझ्यासमोर खुर्चीला टेकवून उभी केली, सही मला नीट दिसेल अशी. "सही परत करा. घाई नाही. मी चा ठेवते तोवर."

त्या आत गेल्या. चहाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्या आत होत्या. भांडं वाजत नव्हतं, स्टोव्हचा आवाज नव्हता. सरांच्या फोटोखाली बसून मी ती सही बघूनबघून, एकेक वळण घेत, चित्र काढतात तशी काढली. या वेळी चांगली जमली. हे लिहितानाही कान तापतायत.

वहिनींनी चहा ठेवला, वही उचलली आणि खूप वेळ बघत राहिल्या. "हां," म्हणाल्या. "आता बरोबर दिसतेय."

चहा झाल्यावर म्हणाल्या, "गाडी दारापर्यंत आणा, मी पेटीत भरून ठेवते." गाडी घेऊन आलो तेव्हा पेटी बंद होती, वरून सुतळी बांधलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले. "पोचलात की कळवा," एवढंच म्हणाल्या.

परतीचा रस्ता तोच, त्यामुळे त्याचं वर्णन करत नाही. कुठेही थांबलो नाही. चिखल्याचे चिकू मागच्या सीटवर पिकून त्यांचा वास गाडीभर झाला होता.

घरी येऊन सुतळी सोडली. पेटीत मानेखाली तारा, पट्टा वगैरे ठेवायला एक छोटा झाकणाचा कप्पा असतो. तो उघडला तर आत कागद. दोन कागद, डाव्या कोपऱ्यात टाचणीने जोडलेले, कचेरीत जोडतात तसे.

वरचा कागद वहीतून फाडलेली माझी पोच, दोन्ही सह्यांसकट.

खालचा पिवळा पडलेला. माझ्याच अक्षरात: "ही गिटार धोडी सरांना दिली. आता तिच्यावर माझा काही हक्क नाही." खाली माझी खरी सही, मराठीत. खैरनार हे नाव लहान मुलालाही वाचता येईल असं.

म्हणजे ती सोनेरी सही माझी नाही हे वहिनींना मी दारात पाऊल टाकलं तेव्हाही माहीत होतं. दोनदा विचारलं त्यांनी मला. एकदा तोंडाने, आणि एकदा चहाच्या निमित्ताने आत जाऊन.

पिवळा कागद उलटला. मागे सरांचं अक्षर, थरथरतं, बहुधा शेवटच्या दिवसांतलं. "हे कधी मागायला आले तर देऊन टाकणे. त्यांच्या हातात जास्त बोलते." खाली सरांची सही.

मागितली असती तर मिळाली असती. इतकं सोपं होतं.

या सहलीचं वाचून तुमच्यापैकी कुणी डहाणू-तलासरीला जाल, तर जरूर जा. रस्ता बरा आहे, माणसं चांगली आहेत, जानेवारीत चिकू गोड असतो. गिटारबद्दल विचाराल तर मी ती एकदाच छातीला लावून जाड तार ओढली. आवाज जसाच्या तसा आहे, तितकाच उबदार, तितकाच छातीला लागणारा. तो बिघडलेला निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. नंतर पेटीत ठेवली. ती परत नेऊन द्यावी असं रोज ठरवतो, आणि दारात वहिनींना काय म्हणायचं ते वाक्य याही वेळी जुळत नाही.

पोचलात की कळवा, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याला आज अकरा दिवस झाले. मी अजून फोन केलेला नाही.