या दोघांत वकील कोण?

आमच्या कामाला मराठीत धड नाव नाही. गावाकडं कुणी विचारलं की मी सांगते, ‘अमेरिकेतल्या खटल्यांचे कागद वाचते.’ पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हंजे टायपिंग?’ पहिली दोन वर्षं मी यावर भांडले. आता ‘व्हय, टायपिंगच’ म्हणते आणि चहा पिते.

काम असं असतं. तिकडं एखाद्या कंपनीवर दावा पडला की तिला आपले जुने मेल, अहवाल, फायली उपसून त्यातलं खटल्याशी संबंधित असेल ते विरुद्ध बाजूला द्यावं लागतं. लपवलं आणि सापडलं, तर तिकडचे न्यायाधीश सोलून काढतात. कागद लाखांनी असतात. तिकडच्या वकिलांना ते वाचायला बसवलं तर त्यांच्या फीपायी कंपनीच विकायला काढावी लागेल, म्हणून ते आमच्याकडं येतात. पडद्यावर एकेक कागद उघडायचा, वाचायचा आणि कडेच्या चौकोनात खूण करायची. संबंधित, असंबंधित किंवा राखीव. राखीवला ऑफिसात ‘प्रिव्ह’ म्हणतात. म्हणजे संबंधित असला तरी दाखवायची सक्ती नाही असा कागद. कंपनीनं आपल्या वकिलाला लिहिलेलं पत्र, समजा. सगळं रामायण या तिसऱ्या खुणेवरून झालं.

मी कडेगाव तालुक्यातली. सांगलीला कायदा शिकले आणि विट्याच्या कोर्टात दीड वर्ष एका ज्येष्ठ वकिलांच्या मागं फायली घेऊन हिंडले. दीड वर्षात न्यायाधीशांपुढं मी एकूण तीन वाक्यं बोलले, आणि तिन्ही वेळा वाक्य एकच होतं, पुढची तारीख मिळावी. मग पुण्याच्या एका कंपनीनं साताऱ्यात एका कपड्याच्या दुकानावरचा मजला भाड्यानं घेऊन शाखा काढली, तिथं लागले. तीन वर्षांत टीम लीड झाले. माझ्या हाताखाली सहा माणसं. आत जाताना मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, पेन-कागद काहीसुद्धा आत न्यायचं नाही. जे काही असेल ते डोक्यात ठेवायचं.

सहाजणांत एक सुभेदार होते. कोरेगावकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून वकिलीची तीन वर्षं पुरी केली. सनद आली, काळा कोट शिवला. पण कोर्टात गेले की शिपाई विचारायचा, ‘काका, तारीख कुठल्या कोर्टात हाय तुमची?’ एकही वकीलपत्र मिळालं नाही. आमच्याकडं लागले तेव्हा त्यांनी मोटारसायकलच्या पुढच्या बाजूला वकिलांचं ते चिन्ह चिकटवून घेतलं, आणि त्यांच्या बायकोनं भावकीत सांगून टाकलं की ह्यांनी अमेरिकेतली केस घेतली. आम्ही हसायचो. पण एवढं कळत होतं, की पेन्शन असलेला हा माणूस पगारासाठी येत नाही. वकील म्हणून बसायला त्यांना अख्ख्या जिल्ह्यात ही एकच खुर्ची मिळाली होती.

गेल्या वर्षीचा दावा एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीवर होता. कारखान्यात पीठ मळायची मोठी यंत्रं. यंत्र फिरत असताना त्याचं दार उघडायचं, आणि त्यात कामगारांचे हात गेले होते. आम्ही कंपनीच्या बाजूनं वाचत होतो. पहिल्या दिवशी पुण्याहून स्क्रीनवर दोन तासांचं प्रशिक्षण झालं. सगळं इंग्रजी, आणि तेही नाकातून. माझ्या लोकांच्या चेहऱ्यांवरची माशी हलत नव्हती. म्हणून दरवेळेसारखं चहाच्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा केलं आणि मराठीतून सांगितलं. हे माझं नेहमीचं होतं आणि मला त्याची घमेंडही होती. पुण्याची मंडळी दोन तास दळण दळतात, मी दहा मिनिटांत डोक्यात घालते.

प्रिव्हवर आले तेव्हा मी म्हणाले, ‘कॉलेजात पुरावा कायदा शिकलाय ना? कुठलं बोलणं कोर्टात उघड करायची सक्ती नसते? वकील आणि पक्षकाराचं. नवरा आणि बायकोचं. तेच हे.’

झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडं कायद्याच्या पोरांना ही दोन उदाहरणं जोडीनंच पाठ असतात. एक म्हटलं की दुसरं आपोआप तोंडात येतं. तिकडंही नवरा-बायकोच्या बोलण्याला संरक्षण आहे, पण ते त्या जोडप्याचं. कंपनीला त्याच्याआड लपता येत नाही. आणि ऑफिसच्या मेलवरून लिहिलं की बहुतेक तेही उरत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं, आणि पुण्याच्या त्या दोन तासांत ते सांगितलं होतं की नाही, देव जाणे. मी अर्धा वेळ हजेरीचा तक्ता भरत होते.

बाकीचे पाचजण चलाख होते. नवऱ्याचा बायकोला मेल दिसला की चार सेकंदांत ‘असंबंधित’ ठोकून पुढं. सुभेदार मात्र प्रत्येक मेल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचायचे. ताशी आकडा कायम सगळ्यांत कमी. मी चिडायचे.

‘सुभेदार, अहो, पोथी वाचताय का? जरा उरका की.’

‘आवं मॅडम, कुणाचं तरी हात गेल्यात. नीट बगाय नको व्हय?’

मी तणतणत जागेवर जायचे.

तर सुभेदारांनी नवरा-बायकोचे सगळे मेल वाचले, त्यात खटल्याचा विषय निघाला तिथं तिथं इमानदारीनं प्रिव्हची खूण केली. कंपनीतला एक इंजिनियर रोज दुपारी बायकोला लिहायचा. एका मेलमध्ये त्यानं लिहिलं होतं, की दाराचं कुलूप धरत नाही हे मी तीनदा वर सांगितलं, कुणी कानावर घेत नाही. येताना दूध आणू का? दावा करणाऱ्या कामगारांना याहून मोठं घबाड नव्हतं. सुभेदारांनी तो राखीव केला. तपासणीत माझ्याकडं प्रत्येकाच्या कामातले थोडे कागद येतात, त्यात हाही आला. मी वाचला. नवरा-बायको, बरोबर आहे, म्हटलं आणि पुढं ढकलला. घाई होती असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. घाई नव्हती. मला ते बरोबरच वाटलं होतं.

राखीव कागदांची यादी विरुद्ध बाजूला द्यावी लागते. मजकूर नाही, फक्त कुणी, कुणाला, कधी आणि का राखीव. महिन्याभरानं त्यांच्या वकिलांचं पत्र आलं. यादीतल्या कितीतरी नोंदींवर बोट ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, या दोघांत वकील कोण?

मग काय, तिकडून पुण्याला आणि पुण्याहून आमच्यावर धोंडे पडायला लागले. कंपनी मुद्दाम पुरावा दडवते आहे, असा अर्ज तिकडच्या कोर्टात पडायच्या बेतात होता. सगळे मेल पुन्हा वाचून दिले, इंजिनियरचा तोही दिला. वरून हुकूम आला की चुकीचं मूळ शोधा. त्याचा एक फॉर्म असतो. त्यात कारण लिहायचं आणि एक नाव लिहायचं. दोन नावांना जागाच नाही. ज्याचं नाव लिहिलं जाईल तो प्रोजेक्टवरून बाहेर, आणि आमच्या शाखेत दुसरा प्रोजेक्टच नव्हता.

म्हणजे सरळ होतं. सुभेदार नाहीतर मी.

माझं सांगते. घरी लग्नाचं टुमणं चालू होतं आणि या नोकरीच्या जोरावर मी ते दोन वर्षं परतवून लावत होते. नोकरी गेली की विट्याचं कोर्ट, नाहीतर मामानं आणलेलं स्थळ. मुलाचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान होतं. मुलगा वाईट नव्हता. पण मला कोइमतूरला जायचं नव्हतं. चौकशीचा व्हिडिओ कॉल ठरला, त्याच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

कॉलला खोलीत आम्ही दोघंच. समोर स्क्रीनवर पुण्याचे मॅनेजर आणि तिकडच्या फर्मच्या एक वकीलबाई. सुभेदार इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीत ताठ बसले होते. बाई रागावल्या नव्हत्या, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, ‘नवरा-बायकोचं बोलणं राखीव असतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?’

चहाच्या वेळी सांगितलेलं कुठं रेकॉर्ड होतं? पुण्याचे दोन तास रेकॉर्ड होते, त्यात माझं वाक्य नव्हतं. साक्षीदार म्हणजे पाच पोरं, त्यांना इथंच नोकरी करायची होती. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं नाही. स्क्रीनकडं बघत फौजी इंग्रजीत म्हणाले, ‘नोबडी, मॅडम. माय लॉ कॉलेज बुक. माय मिस्टेक.’

बाईंनी पुन्हा विचारलं, ‘तुमच्या टीम लीडनं?’

‘नो, मॅडम.’

बोलायला जागा होती. मॅनेजरनी ‘आणखी कुणाला काही?’ असंही विचारलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले. फॉर्म मीच भरला, कारण तो टीम लीडनंच भरायचा असतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सूचना नीट समजून घेतल्या नाहीत. नावाच्या रकान्यात त्यांचं नाव. टाइप करायला किती वेळ लागतो?

पाचच्या सुमारास त्यांनी ओळखपत्र जमा केलं, कप्प्यातला मोबाइल घेतला, पोरांशी हात मिळवले. एकाची पाठ थोपटून म्हणाले, ‘नीट वाचत जा रं.’ मी जागेवरून उठले नाही. मग जिना उतरल्याचा आवाज आला आणि मला बसवेना. खाली धावले. ते मोटारसायकल वळवत होते.

‘सुभेदार,’ मी म्हणाले, ‘तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?’

त्यांनी गाडी स्टँडवर घेतली. रागावलेले दिसत नव्हते, दमलेले दिसत होते.

‘घ्यायचं मनात व्हतं की,’ ते म्हणाले. ‘रातभर त्योच इचार केला. तुमचं नाव घेतलं तर ती बाई काय करणार? तुमाला इचारणार, तुमी असं सांगितलं व्हतं का म्हणून.’

‘हो.’

‘आन तुमी न्हाई म्हणला असता.’

दुकानातलं गिऱ्हाईक आमच्या मधून वाट काढत गेलं.

‘माज्या शेजारी बसून न्हाई म्हणला असता,’ सुभेदार म्हणाले. ‘ते मला ऐकायचं नव्हतं, मॅडम. मी तुमाला लय मानतो. नोकरीचं काय, ती कवातरी जायाचीच.’

त्यांनी किक मारली, मान तुकवली आणि गेले.

मला संताप आला. अस्सा संताप आला! हा कोण मला खोटारडी ठरवणारा? मी काय बोलले असते ते याला काय ठाऊक? याला कुणी सांगितलं, की मी खरं बोलले नसते? तिथंच फुटपाथवर उभी राहून मी त्यांना मनातल्या मनात दोन-चार सुनावल्या.

पण सकाळी बसमध्ये मी एक वाक्य जुळवलं होतं. इंग्रजीत, तीनदा घोकून, कुठं अडखळायला नको म्हणून. मी टीमला फक्त पुण्याहून आलेल्या लेखी सूचनांत आहे तेवढंच सांगितलं होतं. कॉलभर ते माझ्या जिभेच्या टोकावर होतं. सुभेदारांनी ते बोलायची वेळ माझ्यावर येऊ दिली नाही, एवढंच.